बीकॉम, एम.ए. इकॉनॉमिक्स आणि मग थेट शेतकरी कंपनी : माझा अनुभव

कॉमर्स किंवा इकॉनॉमिक्स करून सोशल सेक्टरला कसं जायचं, पगार मिळतो का, इंटरव्ह्यूला काय विचारतात, घरच्यांना कसं पटवलं, असं कॉलेजचे ज्युनिअर सारखं विचारतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची बार्शीची. बीकॉम झाल्यावर सोलापूरला एका सीएंच्या ऑफिसला लागले आणि बाजूला एम.ए. इकॉनॉमिक्स चालू ठेवलं. घरी प्लॅन ठरलेला होता, आयबीपीएस द्यायची, बँकेत चिकटायचं. सीएंकडे दोन-तीन संस्थांचं ऑडिट यायचं. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातला २ टक्के सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांना, द्यावा लागायला लागला, तेव्हापासून असल्या संस्थांकडे पैसे येतात आणि कंपनीला शेवटी युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, लागतं. त्याची व्हाउचर तपासायचं काम माझ्याकडे. मजुरी, अंगठा. डिझेल, सही. बैठक चहापान, सही. ढीगच्या ढीग. टोटल लागली की आमचं काम संपलं, पण त्या पैशातून घातलेल्या बांधाचं पुढं काय झालं, पाणी थांबलं का, हे त्या फाइलीत कुठंच नसायचं. सरांना विचारलं तर म्हणाले, ते आपल्या स्कोपमध्ये नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण मला त्या स्कोपच्या बाहेरचंच बघायचं होतं. मला कुणाचे अश्रू वगैरे पुसायचे नव्हते हे आधीच सांगते, कारण या लाइनला आलेल्या प्रत्येकाकडून लोकांना तसलीच गोष्ट ऐकायची असते.

मग शोधाशोध. टिसचा, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा, तुळजापूर कॅम्पस आमच्यापासून जवळ, ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारं आणंदचं इर्मा आहे जे १९७९ ला अमूलवाल्या कुरियन यांनी उभं केलं, बेंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. पण मला परत दोन वर्षं फी भरून शिकायचं नव्हतं, इर्माची फी तर लाखांत. दुसरा रस्ता फेलोशिपचा, म्हणजे ठरावीक काळ स्टायपेंडवर काम करायचं. एसबीआयची यूथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची असते, गांधी फेलोशिप आहे, आपल्याकडची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि २०२३ ला परत चालू केली, तिला ग्रॅज्युएशनला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो, वयाची अट पण आहे, तर जाहिरात नीट वाचा, दरवर्षी काहीतरी बदलतात. मी ज्यातून आले ती छोटी फेलोशिप आहे, नाव घेत नाही कारण पुढं थोडी तक्रार पण करणार आहे.

फॉर्ममध्ये निबंध असतात. तुम्हाला गावात का काम करायचंय, पाचशे शब्द. इथं नव्वद टक्के पोरं समाजाचं ऋण फेडायला निघतात. मी व्हाउचरबद्दलच लिहिलं, अंगठ्याच्या पुढचं मला दिसत नाही ते बघायचंय असं. नंतर पॅनेलवरच्या एका मॅडमनी सांगितलं की त्यावरूनच बोलावलं.

इंटरव्ह्यूला जीडीपी-बिडीपी काही नाही. पहिलाच प्रश्न, बचत गटाकडं तारण काय असतं, मग बँक कर्ज का देते? हे पुस्तकात येतंच, नाबार्डने १९९२ ला पाचशे गट बँकांना जोडून प्रयोग सुरू केला, तारण नाही, एकमेकींची हमी, नियमित बचत आणि आतल्या आत फिरवलेल्या कर्जाची वही हीच पत. मी ते सांगितलं तर लगेच पुढचा, बरं, दहातल्या दोघींनी हप्ता थकवला तर बाकी आठजणी काय करतील? आता हे पुस्तकात नाही. मी म्हणलं आधी भांडतील, मग स्वतः भरतील, मग त्या दोघींना पुढच्या वेळी गटात घेणार नाहीत, आणि त्या दोघी बहुतेक गटातल्या सगळ्यात गरीब असतील. हसले सगळे, पण लिहून घेतलं. मग दोन दिवस एका गावात सोडलं, कुणाच्या तरी घरी राहायचं आणि त्या घराचा जमाखर्च काढून आणायचा. कॉमर्सवाल्यांना वाटतं हे तर आपलंच. बसा एकदा काढायला. खत उधारीवर, दूध डेअरीला, डेअरीची कपात पेंडीच्या खात्यात, पेंड उधारीवर, मुलगा पुण्याहून पाठवतो ते कधी येतं कधी नाही. वर्षाचं उत्पन्न विचारलं तर काकू म्हणाल्या, "ते कुठं मोजतोय बाई आम्ही, पुरलं म्हंजे झालं."

घरचं थोडक्यात सांगते. आईला काळजी मी राहणार कुठं याची, आत्याला काळजी स्थळं कशी येणार याची. पप्पा पतसंस्थेत क्लार्क होते, त्यांना म्हणलं, तुम्ही ठेवींचं करत होता ते मी सोयाबीनचं करणार, सभासद तेच, ठराव तेच, भांडणं पण तीच. ते म्हणाले पगार सांग. सांगितला. गप्प बसले, मग म्हणाले वर्षभर बघ. एवढंच.

आणि हो, अर्थशास्त्र शिकून खेड्यात जाणं म्हणजे काहीतरी अचाट असं लोक बोलतात तेव्हा मला गंमत वाटते. १९५० ला प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेजारी चेअरमन म्हणून धनंजयराव गाडगीळ बसले होते, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे गाडगीळ, पुढं नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले ते. आपल्याकडं हे जुनंच आहे, मधल्या काळात विसरलो.

पोस्टिंग लातूर जिल्ह्यात, एका शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच शेअरहोल्डर असतात आणि माल एकत्र विकतात अशा कंपनीत. खोली तालुक्याला, जाणं-येणं एसटी नाहीतर डायरेक्टरांच्या गाडीवर. केंद्राची दहा हजार एफपीओंची, म्हणजे अशाच शेतकरी उत्पादक संस्थांची, योजना २०२० ला आली त्यात ही कंपनी निघालेली. सभासद तीनशेच्या वर, शेअर हजार रुपयाचा. म्हणजे भांडवल तीन लाख, त्यावर सरकारची जुळवणी तेवढीच, झाले सहा लाख. ऐकायला बरे वाटतात. आता हिशोब करा, सोयाबीनचा एक ट्रक पंचवीस टनाचा, २५० क्विंटल, भाव ४,२०० धरला तर एका ट्रकला साडेदहा लाख लागतात. म्हणजे तीनशे शेतकऱ्यांच्या कंपनीला स्वतःच्या पैशात एक ट्रक भरता येत नाही! सोयाबीनचं तेल काढणारे प्लांटवाले माल घेतात आणि पैसे आठ-दहा दिवसांनी सोडतात, तोवर शेतकरी थांबायला तयार नाही. ऑफिसला आलेल्या एका आजोबांनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "मॅडम, शेअर-बिअर राहू द्या, पैसे कधी देता तेवढं बोला."

वर्किंग कॅपिटल हा शब्द बीकॉमला तीन वर्षं घोकला, कळला तिथं.

आणि मार्जिन किती, तर क्विंटलला पन्नास रुपये, ट्रकमागे साडेबारा हजार, त्यातून हमाली वगैरे जायचं. प्लांटला माल दहा-दोन-दोन लागतो, म्हणजे ओलावा दहा टक्के, माती-काडी दोन, डागी दाणा दोन. ओलावा बारा निघाला की दोन टक्के वजन कट. २५० क्विंटलचे दोन टक्के पाच क्विंटल, म्हणजे २१ हजार गेले. कमावले साडेबारा, कापले एकवीस. त्यामुळं आमच्याकडं लॅपटॉपपेक्षा मॉइश्चर मीटर जास्त महत्त्वाचं, पोत्यात नळी खुपसून दाणे काढायचे, मीटरमध्ये टाकायचे, आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. गावातला खरेदीदार दाणा दाताखाली धरून सांगतो बारा आहे, आणि मीटरवर पण बाराच येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आम्ही कट लावला की सभासद चिडायचे, "आपलीच कंपनी अन आपल्यालाच कट लावता व्हय?" त्यावर डायरेक्टर मंडळी गप्प, कारण चिडणारा त्यांचाच भाऊबंद. मग मासिक मीटिंगमध्ये वरचा एकवीस-साडेबाराचा हिशोब फळ्यावर लिहिला, एकदा नाही, दर मीटिंगला. काहीजण वाळवून आणायला लागले. काहीजण तरी खरेदीदाराकडंच जात राहिले, आणि ते काही अडाणी म्हणून नाही, तो जागेवर रोख देतो आणि पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला रात्री दहा वाजता पण पैसे देतो. एम.ए.ला यावर एक अख्खं प्रकरण होतं, कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच असला की काय होतं यावर. परीक्षेत मला चांगले मार्क पडले होते त्यात. इथं त्या माणसाबरोबर चहा पिते आता, कारण आमचा माल कमी पडला तर ट्रक भरायला तोच पोती देतो.

भाव पडलेला असताना बाजार समितीची शेतमाल तारण योजना बऱ्यापैकी कामी आली. गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्के कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने. पण ज्याला आजच सगळे पैसे पाहिजेत त्याला ७५ टक्के पण कमीच पडतात. सगळे उपाय सगळ्यांना लागू पडत नाहीत.

आता पगार, जे विचारायला लोक लाजतात. मला हातात २२ हजार मिळायचे, त्यात खोलीभाडं. एफपीओच्या योजनेत सीईओला महिना २५ हजारापर्यंत आणि अकाउंटंटला १० हजारापर्यंत मदत मिळते, ती पण तीनच वर्षं, पुढं कंपनीनं स्वतः कमवून द्यायचं. दहा हजारात टॅली, जीएसटी, आरओसीची म्हणजे कंपनी निबंधकाकडची कामं करणारा माणूस टिकतो का? नाही टिकत. आणि मग हिशोब तुंबले, ऑडिट तुंबलं, बँकेनं कर्ज नाकारलं की सगळे म्हणतात शेतकऱ्यांना कंपनी चालवता येत नाही. एनजीओंचं पण तसंच, परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालायचा तो २०२० ला २० वर आणला, देणगीदारांना पण पैसा थेट लाभार्थ्याकडं गेलेला दिसायला पाहिजे असतो, आणि हिशोब ठेवणाऱ्याचा पगार म्हणजे जणू वायफळ खर्च. माझ्या फेलोशिपचा स्टायपेंड पण दोनदा उशिरा आला. विचारलं तर म्हणे तुम्ही तर सेवेसाठी आलात ना. मी मेलवर उत्तर दिलं की घरमालक सेवेसाठी आलेला नाही. नंतर वेळेवर आला.

इथं कॉमर्सवाल्याची गरज आहे यात शंका नाही, सोशल वर्कची पोरं मीटिंग छान घेतात पण ताळेबंद दाखवला की माझ्याकडं बघतात, आणि आपण ताळेबंद वाचतो पण ओसरीवर बसून गप्पा मारायला तीन महिने लागतात. अप्लाय करणार असाल तर टॅली आणि एक्सेल चांगलं करा, एखाद्या पतसंस्थेचा नाहीतर बचत गटाचा खरा हिशोब बसून बघा, आणि इंटरव्ह्यूला उलट विचारा की पैसा किती दिवसांचा आहे, कुणाचा आहे, तो संपल्यावर माझ्या जागेचं काय. या प्रश्नावर जे चिडतात तिथं जाऊ नका.

माझी फेलोशिप संपली, कंपनीनंच ठेवून घेतलंय, पगार थोडा वाढला. सध्या क्लिनिंग-ग्रेडिंग मशीनसाठी बँकेकडं फाइल दिलीय, केंद्राच्या कृषी पायाभूत निधीतून व्याजात तीन टक्के सूट मिळते म्हणून. मॅनेजर साहेबांना तीन वर्षांचे ऑडिटेड ताळेबंद पाहिजेत, दोन तयार आहेत, तिसऱ्यावर बसलेय.