स्नेक नदीच्या काठावरचा मातीचा उंचवटा

आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्स गावी बहुतेक लोक शोशोनी फॉल्स बघायला जातात. माझ्या मनात मात्र पहिल्यापासून दरीच्या कडेवरचा एक मातीचा उंचवटा होता. ८ सप्टेंबर १९७४, रविवार. मोटारसायकलवरच्या कसरतींनी अमेरिका वेडी करणारा ईव्हल नीव्हल त्या दिवशी इथून वाफेच्या रॉकेटमध्ये बसून स्नेक नदीची दरी ओलांडायला निघाला होता.

बॉइसीहून गाडीने साधारण दोन तास लागतात. बरोबर भाचा होता, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारा. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना बटाट्याची आणि शुगर बीटची शेतं. पुढे एवढी खोल दरी आहे अशी शंकासुद्धा येत नाही. मग गाडी पेरिन ब्रिजवर चढते आणि पायाखालची जमीनच संपते. पूल १५०० फूट लांब, नदी ४८६ फूट खाली. दोन्ही बाजूंचे उभे काळे कडे बघून मला क्षणभर सह्याद्रीतच आल्यासारखं वाटलं. खडक तसाच, लाव्हाचा, थरावर थर चढलेला. वयाने मात्र आपल्या दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी तरुण. हिमयुगाच्या अखेरीस बॉनव्हिल नावाच्या प्रचंड सरोवराचा बांध फुटला, त्या पुराने ही दरी आजच्यासारखी खोल-रुंद केली.

पुलाच्या दक्षिण टोकाला पर्यटक केंद्र आहे आणि तिथेच नीव्हलच्या नावाची स्मारकशिळा. पण आमचे पाय खिळले ते पुलावर. इथून पॅराशूट घेऊन उडी मारायला वर्षभर मोकळीक आहे, परवाना लागत नाही. आमच्यासमोर एक मुलगा कठड्यापलीकडे उभा राहिला, खाली एकदा बघितलं आणि गेला. श्वास घ्यायच्या आत छत्री उघडली आणि तो नदीकाठी उतरला. हिरवळीवर छत्रीची घडी घालत बसलेल्या एका बाईंनी आम्हाला मोठ्या मायेने सगळं समजावलं. एक छोटी छत्री हातात धरून उडी मारायची, ती वाऱ्यात सोडली की ती मोठीला बाहेर ओढते. ‘‘सगळं काही ती केव्हा सोडायची यावर आहे,’’ त्या म्हणाल्या. नीव्हलची सगळी कथा या एका वाक्यात बसते.

काठाकाठाने पायवाट आहे. पूर्वेकडे शोशोनी फॉल्सच्या दिशेने चालत राहिलं की तो उंचवटा दिसतो. नुसती माती, वर गवत. माहीत नसेल तर कुणी ढुंकून बघणार नाही. याच्यावर आकाशाकडे रोखलेला तिरपा रूळ होता आणि रुळावर ‘स्कायसायकल एक्स-२’. नाव सायकलचं असलं तरी ते सरळसरळ रॉकेट होतं. बनवणारे रॉबर्ट ट्रुअक्स, नौदलात रॉकेटवर आयुष्य घालवलेले इंजिनिअर. त्यांची कल्पना मला फार आवडते. बंद टाकीत पाणी २०० अंश सेल्सिअसच्या बरंच वर तापवायचं. दाबाखाली ते उकळत नाही. मग मागचं तोंड एकदम मोकळं करायचं, पाण्याची क्षणात वाफ होते आणि यान पुढे फेकलं जातं. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी आठवा आणि तो जोर हजारपट करा. ज्वाला नाही, स्फोटक इंधन नाही.

आधीच्या चाचण्यांतली दोन्ही रिकामी यानं दरीत कोसळली होती. तरी नीव्हल बसला. यान रुळावरून सुटतंय तोवरच मागची छोटी छत्री बाहेर पडली आणि तिच्यापाठोपाठ मोठी. यान पलीकडच्या काठाकडे झेपावलं खरं, पण छत्रीत वारा भरला आणि त्याने ते मागे ढकललं. निघालं त्याच बाजूला, दरीच्या तळाशी, पाण्याला लागून ते उतरलं. नीव्हलला खरचटण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. पट्ट्यांनी जखडलेला तो माणूस थोडा पुढे नदीत पडता तर काय झालं असतं, हे खाली वाहणारं पाणी बघताना डोळ्यांपुढे येतंच.

जग म्हणालं, उडी फसली. ट्रुअक्स २०१० मध्ये गेले. मग त्यांचा मुलगा स्कॉट याने वडिलांच्याच आराखड्यावरून पुन्हा तसंच वाफेचं रॉकेट बांधलं, नाव ठेवलं ‘ईव्हल स्पिरिट’. त्यात बसला स्टंटमन एडी ब्राउन, लहानपणी नीव्हलला भेटून भारावून गेलेला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी त्याने याच दरीवरून, थोड्या वेगळ्या जागेवरून झेप घेतली आणि पलीकडे पॅराशूटने सुखरूप उतरला. बेचाळीस वर्षांनी सिद्ध झालं की वडिलांचं यंत्र दरी पार करू शकत होतं. घात केला तो वेळेआधी उघडलेल्या छत्रीने. एका मुलाने बापाचं गणित बरोबर होतं हे असं दाखवून द्यावं, याने माझा गळा भरून आला. माझ्या लेखी या जागेचा नायक ट्रुअक्स आहे, दोघेही.

भाच्याला हे पटत नाही. ‘‘मावशी, दोन चाचण्या डोळ्यांदेखत फसल्यावर त्याच यानात बसायचं म्हणजे काय, तू विचार कर,’’ तो म्हणाला. ‘‘गणित कागदावर बरोबर असतं, आत माणूस असतो.’’ शोशोनी फॉल्सच्या पार्किंगपर्यंत आमचा वाद चालला आणि मिटला नाही.

धबधबा २१२ फुटांचा, नायगाराहून उंच. जाणार असाल तर वसंतात जा. उन्हाळ्यात वरच्या अंगाला पाणी शेतीकडे वळवतात आणि कड्यावर जेमतेम धारा उरतात. मे महिन्यात आम्हाला तो भरभरून दिसला. पण वेळ कमीच असेल तर आधी उंचवट्यापर्यंत चालत जा आणि तिथून पलीकडचा काठ नीट बघा. अंतर पाव मैलाहून जास्त आहे, आणि फोटोत ते अजिबात कळत नाही.