खुणेचा दोरा

भाचीच्या बाळासाठी क्रोशाची टोपी विणायला घेतली होती. आज दुपारी आठवी फेरी संपल्यावर टाके मोजले, तर ४८च्या जागी ४५च भरले. ६ मुक्या खांबांनी, म्हणजे क्रोशाच्या साध्या आखूड टाक्यांनी, सुरुवात करून प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवत गेले की हिशेब सरळ असतो; परंतु फेरी न जोडता गोल विणत राहिले, तर ती कोठे सुरू झाली हे डोळ्यांना मुळीच कळत नाही, आणि मी सवयीच्या भरवशावर खूण न लावताच बसले होते. चार फेऱ्या उसवून २४ टाक्यांवर परत आले.

शेजारच्या काकू पावसामुळे आमच्याकडेच थांबल्या होत्या. "अगं, खुणेला काहीतरी अडकव की," म्हणत त्यांनी पदराची पिन काढून दिली. फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन अडकवायची, फेरी पुरी झाली की काढायची, त्याच टाक्यात विणायचे आणि नव्या टाक्यात ती पुन्हा लावायची, एवढेच काम. दोन सुयांच्या विणकामात बंद कडीही चालते, कारण ती एका सुईवरून दुसरीवर सरकते. क्रोशात मात्र अशी कडी टाक्यात कायमची अडकून बसते.

पिनेच्या वेटोळ्यात लोकर अडकू लागली, तेव्हा मी तिच्याऐवजी लाल धाग्याचा तुकडा घातला. पांढऱ्या लोकरीत तो लांबूनही दिसतो. रात्री आठवी फेरी पुन्हा मोजली, ४८ भरले. काकूंची पिन उद्या परत द्यायची आहे.