जुने फोटो स्कॅन करण्याआधी ते ओळखणारी माणसे गाठावीत

घरातील जुन्या छायाचित्रांचे डिजिटायझेशन करायचे ठरले की बोलणे लगेच स्कॅनरवर येते: कोणता घ्यावा, किती डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपायचे यावर) ठेवावा, काम बाहेर द्यावे की घरीच करावे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहिणार आहे. पण आमच्या कुटुंबातील फोटोंचे काम करताना माझे मत असे पक्के झाले की, कामाचा क्रम फोटोंच्या अवस्थेपेक्षा ते ओळखू शकणाऱ्या माणसांच्या वयावरून ठरवावा. चांदीच्या कणांनी घडलेला कृष्णधवल फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी नीट ठेवला तर आणखी अनेक दशके टिकतो. त्यात मागच्या रांगेत उभा असलेला तरुण कोण, हे सांगू शकणारी एखादी आत्याच मात्र कुटुंबात उरलेली असते.

या पहिल्या फेरीसाठी उत्तम स्कॅनची गरज नसते. मोबाइलने सरळ वरून, चांगल्या उजेडात काढलेल्या प्रती पुरतात. त्या मोठ्या पडद्यावर दाखवाव्यात, कारण हातात मावणाऱ्या मूळ प्रतीत वृद्ध डोळ्यांना न दिसणारा चेहरा पडद्यावर मोठा करताच ओळखू येतो. बोलणे परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावे आणि नावे डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार विचारावीत. नुसती नावे विचारून थांबू नये. फोटो कोणी काढला, त्या दिवशी सगळे कशासाठी जमले होते, मागे दिसणारे घर कोणाचे, कोण फोटोत नाही आणि का नाही, या प्रश्नांतून जे निघते ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. घरात ज्यांना सगळे नुसते ‘आबा’ म्हणत, त्यांचे पूर्ण नाव याच वेळी विचारून घ्यावे; पुढच्या पिढीला ‘आबा’ एवढ्यावरून काहीही कळणार नाही. दोन नातेवाइकांनी एकाच चेहऱ्याला दोन नावे दिली तर निवाडा करण्याची घाई करू नये. दोन्ही नावे, ती कोणी सांगितली यासह, नोंदवावीत. वर्ष ठाऊक नसेल तर फोटोतील सर्वांत लहान मुलाकडे पाहावे. मोठी माणसे दहा वर्षांत फारशी बदललेली दिसत नाहीत, पण बाळाचे जन्मवर्ष माहीत असेल तर फोटोचा काळ वर्ष-दीड वर्षाच्या आत पकडता येतो. ही युक्ती मला कोणत्याही तांत्रिक साधनापेक्षा अधिक उपयोगी पडली आहे.

माणसांनंतर वस्तूंचा क्रम लावायचा, तर रंगीत फोटो आधी घ्यावेत. 1960 आणि 1970च्या दशकांतील अनेक रंगीत प्रतींतील निळसर रंगद्रव्य अंधारातही विरत जाते आणि फोटो लालसर दिसू लागतो. ॲसिटेटच्या जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्यांचे विघटन सुरू झालेले असते. त्या बाकीच्या संग्रहापासून वेगळ्या ठेवून लवकर स्कॅन कराव्यात. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो जोर लावून उपटू नयेत. दातांसाठीचा बारीक दोरा फोटो आणि पान यांच्यामधून हळूहळू सरकवल्यास बरेच फोटो सुटतात, आणि जो सुटत नाही तो पानासकट स्कॅन करावा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसहच स्कॅन करणे सुरक्षित असते.

कागदावरील प्रतींसाठी सपाट काचेचा स्कॅनर आणि 600 डीपीआय ही मांडणी मला योग्य वाटते. चार बाय सहा इंचांचा फोटो या मापाने 2400 बाय 3600 पिक्सेलचा होतो, आणि 24 बिट रंगांतील (दर पिक्सेलला तीन बाइट), कॉम्प्रेस न केलेली त्याची टिफ फाइल (तपशील न गाळता चित्र साठवणारा फाइलचा प्रकार) सुमारे 26 एमबीची बनते. म्हणजे असे हजार फोटो साधारण 26 जीबीत मावतात, जे आजच्या डिस्कच्या मानाने फार नाही. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा, कारण कागदाचा पिवळसरपणा, डाग आणि शाईचा रंग हीदेखील माहिती असते. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट जेमतेम 24 बाय 36 मिलिमीटरची असल्यामुळे तिला 3000 ते 4000 डीपीआय लागतात. काही स्कॅनरमध्ये धूळ आणि ओरखडे पुसणारी इन्फ्रारेड सोय असते. ती रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते, पण चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर ती वापरू नये, कारण चांदीचे कण इन्फ्रारेड किरण अडवतात आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. धूळ मुळातच हवेच्या रबरी फुग्याने किंवा मऊ कुंचल्याने काढावी. ओले फडके फोटोला लावू नये.

मागची बाजूही स्कॅन करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कोणाला तरी पाठवताना लिहिलेल्या दोन ओळी तिथेच असतात, आणि ते हस्ताक्षर कोणाचे आहे हेसुद्धा त्या आत्यालाच ठाऊक असते.

मिळवलेली माहिती वेगळ्या वहीत ठेवली की ती कधीतरी फोटोपासून तुटते, म्हणून ती फाइलच्या आतच, आयपीटीसीच्या (फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) वर्णनाच्या रकान्यात लिहावी. फाइलचे नाव वर्षाने सुरू होणारे आणि क्रमांक असलेले ठेवावे; वर्णन मात्र देवनागरीत, पूर्ण वाक्यांत लिहावे. स्कॅनर फाइलवर आजची तारीख घालतो, ती बदलून फोटो काढल्याची तारीख भरावी, नाहीतर साठ वर्षांपूर्वीचे लग्न संगणकात याच महिन्यात लागलेले दिसेल. कुटुंबाच्या गटात फोटो पाठवताना हेही ध्यानात असावे की व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो आणि त्यातील अशा नोंदी सहसा गळून पडतात. नातेवाइकांना दाखवायला ती प्रत ठीक आहे, जपायला नाही.

फाटलेला किंवा पुसट फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘सुधारण्या’बद्दल माझे मत कडक आहे. ही साधने हरवलेला तपशील परत आणत नाहीत. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे आणि ओठ तिथे नव्याने रचतात. पणजीचा एकुलता एक फोटो असेल तर तो रचलेला चेहराच पुढे तिचा म्हणून रूढ होईल, आणि तो चुकीचा आहे हे सांगायला कोणी नसेल. अशी प्रत करायचीच असेल तर वेगळ्या नावाने ठेवावी आणि वर्णनात तसे स्पष्ट लिहावे. मूळ टिफला हात लावू नये.

साठवणीसाठी तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम पुरेसा आहे. क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल तिथूनही जाऊ शकते. वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीतील काही फाइल उघडून पाहाव्यात.

स्कॅन झाल्यावर मूळ फोटो टाकून देऊ नयेत. ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात, माळा किंवा दमट भिंत टाळून ठेवावेत. जुन्या कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहिता येते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या नंतरच्या कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला दिसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी, फाइलचाच क्रमांक लिहावा.