बोर्डाचे सॉफ्टवेअर निवडताना

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कार्यशाळेत मोटर नियंत्रणाच्या नव्या सर्किट बोर्डाचा आराखडा काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरायचे, यावर आज सकाळी बरीच चर्चा होऊन अखेर कीकॅडवर शिक्कामोर्तब झाले. ज्याँ-पिएर शारा यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या या मुक्त प्रकल्पाला पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही मोठा हातभार लावला. ते मोफत आहे हा मुद्दा माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. कारखान्यातले यंत्र वर्षानुवर्षे चालते, तेव्हा त्याच्या बोर्डाची फाइलही तितकीच वर्षे परवान्याच्या कटकटीविना उघडली पाहिजे.

दुपारी आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलीने 230 व्होल्ट आणि 5 व्होल्ट यांचे नेट क्लास, म्हणजे जोडण्यांचे गट, वेगळे करून त्यांच्यातील अंतराचा नियम घातला आणि तपासणी चालवताच रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, पायाजवळ, जिथे तांब्याचे दोन ट्रॅक जरा जास्तच जवळून गेले होते, तिथे नेमका बाण उमटला. तिने रिले सरकवला, मध्ये बोर्डालाच एक खाच दिली आणि पुन्हा तपासणी केली. इतक्या शांतपणे काम करणारी माणसे मिळणे हे मला सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे वाटते.

गर्बर फाइली, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला लागणारे थरांचे आराखडे, पाठवण्यापूर्वी उद्या प्रत्येक थर आणि विशेषतः छिद्रांच्या जागा सांगणारी ड्रिलची फाइल व्ह्यूअरमध्ये एकदा डोळ्यांखालून घालायची आहे.