याबी यू, आधी गाणं मग डब

शनिवार, रात्री उशिरा

संध्याकाळपासून याबी यू या जमैकन रेगे गायकालाच लावून बसलोय. 'जीझस ड्रेड', म्हणजे त्याची 1972 ते 1977 मधली रेकॉर्डिंग्ज, मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या रेकॉर्ड कंपनीने 1997 मध्ये दोन सीडींत काढलेली. आधी गाणं, मग त्याच ठेक्यावर एखाद्या डीजेची बोलबडबड, मग डब, म्हणजे गळा बराचसा काढून त्याच गाण्याचं नव्याने केलेलं मिक्स. तीच चाल पुन्हा पुन्हा येते, तरी हात पुढच्या ट्रॅककडे जात नाही.

गळा म्हणाल तर बेताचाच. बारीक, थोडा कापरा. खरं नाव विव्हियन जॅक्सन, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतला. पोरवयात भट्टीवर भांडी ओतायचं काम, मग उपासमारीने इस्पितळ, आणि संधिवात जन्माला चिकटला तो कायमचा. जटा होत्या, पण रास्ताफारी पंथाच्या लोकांसारखी इथिओपियाच्या सम्राटाला, हाईले सेलासीला, देव मानायची तयारी नाही. त्याचा देव येशू. आसपासच्या रास्तांशी यावरून वाद व्हायचे आणि त्यातूनच 'जीझस ड्रेड' (ड्रेड म्हणजे जटाधारी) हे नाव पडलं. त्या कापऱ्या आवाजात मला एकट्या पडलेल्या माणसाचा हट्ट ऐकू येतो.

आणि मग या गाण्यांचे डब करणारा किंग टबी! मूळचा रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. ड्रोमिली अव्हेन्यूवर राहत्या घरातच स्टुडिओ. गायकाने जिथे उभं राहायचं ती खोली म्हणजे पूर्वीची न्हाणी. टेपवर ट्रॅक चारच. बेस आणि ड्रम चालू ठेवून गिटार खाली ओढायची, स्नेअर ड्रमचा एखादाच फटका एकोत सोडून द्यायचा, फिल्टरचं मोठं बटण फिरवत हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) पार चिरकी होईपर्यंत पिळायची. हे सगळं टेप फिरत असताना, हाताने, एका दमात. त्यामुळे एकाच गाण्याचे दोन डब सारखे निघणं कठीणच. ओळ सुरू होते, मध्येच तुटते आणि शेवटचा शब्द तेवढा घुमत राहतो. 'कॉन्करिंग लायन'च्या सुरुवातीला तो जो घोष आहे (त्यावरूनच जॅक्सनला याबी यू म्हणू लागले), तो नुसता ऐकला तरी अंगावर येतो.

डब म्हणजे रेकॉर्डची मागची बाजू भरायची सोय, असं म्हणणारे भेटतात. सुरुवात तशी झालीही असेल. पण गळा बाजूला काढल्यावर कळतं, याबी यूने चाली काय भक्कम बांधल्यात. 'जाह व्हेंजन्स' ऐका.

डीजेंचे ट्रॅक मात्र मी बरेचदा गाळतो. ट्रिनिटी सोडून, तो दणकून बोलतो.