कारकून कलेक्टर होतो का?

निवृत्त झाल्यापासून एमपीएससीची पोरं हमखास विचारतात, "काका, क्लार्क म्हणून लागलो तर कलेक्टर होता येतं का? बाहेरच्या देशांत कसं असतं?" विचारलंत म्हणून सांगतो.

कागदावर येतं. महसूल खात्यात लागून खात्याच्या दुय्यम सेवा परीक्षा, महसूल अर्हता परीक्षा काढायच्या; मग अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी असं चढायचं. उपजिल्हाधिकारी म्हणून आठ वर्षं झाली की पदोन्नतीने आयएएससाठी नाव जाऊ शकतं, पण वयाची अट ५६. आता करा हिशेब! ती संधी बहुतेक थेट उपजिल्हाधिकारी लागलेल्यांनाच मिळते.

बरं, लायकी ठरते कशावर? गोपनीय अहवालावर, म्हणजे साहेब आपल्या कामावर लिहितो त्या शेऱ्यावर. साहेबांची बदली निघाली की अहवालांचा गठ्ठा टेबलावर यायचा आणि चहा निवायच्या आत सगळ्यांना 'ब+' मिळून जायचा. कामसू आणि कामचुकार एकाच ओळीत, मग उरते ती ज्येष्ठता यादी. वरचा निवृत्त कधी होतो, एवढंच बघत बसायचं.

फ्रान्समध्ये १९४५ साली वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी 'एना' ही संस्था काढली, तेव्हाच नोकरीत असलेल्यांसाठी वेगळी परीक्षा ठेवली. पदवीधरांची परीक्षा निराळी, यांची निराळी. यांना पदवीची अट नाही, सरकारी नोकरीची काही वर्षं हवीत. पास झालात की प्रशिक्षण सगळ्यांना एकत्र. अर्थात तिथेही सुखवस्तू घरांतलीच मुलं पुढे, अशी ओरड झाली. २०२२ पासून 'एना'च्या जागी नवी संस्था आली. पण नोकरदारांची परीक्षा राहिली. मला हीच गोष्ट सगळ्यात पटते.

जर्मनीत उलट. सेवेच्या वरच्या स्तरात शिरायला साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते, आणि खालून तिथवर पोचणं सोपं नाही. गंमत इंग्रजांची: १८५५ पासून आयसीएसची, म्हणजे त्यांच्या काळातल्या आयएएसची, स्पर्धा परीक्षा लंडनला घेणारे हेच, पण आज त्यांच्याकडे बढती हवी तर जाहिरात निघालेल्या जागेला अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. ज्येष्ठतेची वाट बघायची नाही.

आपल्याकडे नोकरदारांना मधूनच वर नेणाऱ्या मर्यादित विभागीय परीक्षा आहेत, पण मोजक्याच पदांसाठी. तेव्हा क्लार्क म्हणून जरूर लागा, पगार सुरू होतो. फक्त रुजू झालात म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकू नका. थेट उपजिल्हाधिकारी करणाऱ्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातून वयाच्या ३८ पर्यंत बसता येतं.