वजनगट ५५ किलो

सोयाबीन घरात आलं की आमच्याकडे चौकाचौकांत फ्लेक्स लागतात : 'कबड्डीचे भव्य सामने, वजनगट ५५ किलो'. पहिलं बक्षीस कोणत्या भाऊंकडून, दुसरं कोणत्या दादांकडून हे ठळक अक्षरांत, आणि भाऊंचा फोटो त्याहून मोठा. खेळाडूचा फोटो मात्र कुठंच नसतो.

वजनगटाची गंमत बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. पोराच्या अंगाला मांस धरावं म्हणून माय वर्षभर झटते, आणि सामन्याच्या आदल्या रात्री तोच ताट सरकवतो. "मले भूक नाही." सकाळी काट्यावर पावशेर जास्त भरलं तर हा गावाला पळत चक्कर मारून पुन्हा काट्यावर हजर!

मला या खेळात सर्वांत आवडतं ते बाद होणं. क्रिकेटमध्ये बाद झालेला पॅड सोडून मोबाइल काढतो. इथं तो रेषेबाहेर बसून दुसऱ्याच्या चढाईवर जीव टांगतो. आपल्या कुणी समोरचा गडी टिपला की बाहेरचा एक आत येतो. तेही ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं, वशिला नाही. (गावात असं आणखी कुठं चालत असेल तर मला कळवा.) एरवी कुणाशी धड न बोलणारा संघाचा हिरो अशा वेळी कोपऱ्यातल्या किडमिड्या पोट्ट्याच्या नावानं घसा फोडतो. चढाई ३० सेकंदांचीच, पण बाहेर बसलेल्याला विचारा!

बोनसचंही तसंच. समोर सहा-सात गडी असताना बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, टाळ्याही पडतात. पण त्या गुणानं बाहेरचा कुणी जिवंत होत नाही. टाळ्या ऐकत तो बसून राहतो. असे बोनसवाले आपल्या ओळखीतही निघतील.

या पोरांना पुढं काय करणार विचारलं तर एकच उत्तर येतं, "भरती." सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे प्रत्येकाला पाठ. पण त्यासाठी अधिकृत राज्य-राष्ट्रीय स्पर्धांची सर्टिफिकेटं लागतात. फ्लेक्सवाल्या भाऊंच्या सहीचं चालत नाही.

म्हणून मी त्यांना नागपूरजवळच्या वलनीच्या खाण कामगाराच्या पोराचं सांगतो. त्यालाही पोलिसात जायचं होतं, ते जमलं नाही. २०११ मध्ये तो, उमेश यादव, भारताकडून कसोटी खेळला. हे त्यांना ठाऊक असतं. मग मी ठेवणीतलं काढतो : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं कबड्डी दाखवून आले.

पोट्टे गप्प झाले. मग एकानं विचारलं, "सर्टिफिकेट भेटलं होतं काय जी त्याइले?"